हेल्गाबाईंची ओटी

राजारामपुरीत दिवे गेले की आमच्या बाहेरच्या खोलीत आपोआप माणसं जमतात. कंदील एकच, म्हणून. त्या संध्याकाळीही तसंच झालं. मी देवाच्या वाती वळत होते. अभ्यासाचं पुस्तक मिटायला निमित्त मिळालं म्हणून आमचा शिरीष खुशीत होता. शेजारच्या चौगुल्यांची चंदना माझ्या पाठीशी शाल पांघरून बसलेली. आणि खुर्चीत आण्णा, ह्यांचे थोरले काका. उद्यमनगरच्या फाउंड्रीत लाकडी साचे करण्यात त्यांचा जन्म गेला.

बराच वेळ दिवे येईनात, तेव्हा चंदना उठली. म्हणाली, "काकू, मी जाते."

"बस खाली," आण्णा म्हणाले. रागावून नाही, पण असं म्हणाले की ती बसली.

"काय झालं आण्णा?"

"जाते म्हणू नये. येते म्हण, मग जा."

शिरीष हसला. "भिंतीपलीकडं घर हाय तिचं आण्णा. जाऊन जाऊन जाणार कुठं?"

"हसू नकोस." आण्णांनी शाल गळ्याशी आवळली. "ह्या एका शब्दापायी आमच्या यज्ञेश्वरच्या घरात काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. निम्मं बघितलंय. निम्मं लीलावैनींनी सांगितलं, आणि ती बाई देवासमोर बसून खोटं बोलणारी न्हवं. सांगतो. मग चंदना, तूच ठरव जाताना काय म्हणायचं ते."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

*

तारीख एकोणीस जानेवारी, साल एकोणीसशे एकोणऐंशी. वार शुक्रवार. पौषाचा वद्य पक्ष, म्हणजे चंद्र निम्मी रात्र झाल्याशिवाय उगवायचा नाही. तारीख ध्यानात राहिली, कारण त्या दिवशी सकाळी मी नारळ आणायला गेलतो.

यज्ञेश्वर माझ्याच फाउंड्रीत. मी साचे करणारा, तो भट्टीवरचा इंजिनिअर. पुढच्याच गल्लीत वरच्या मजल्यावर राहायचा. त्याची बायको लीला, माझी लीलावैनी. तिनं मला हाक मारली. "भावजी, ह्यांना नारळ कळत नाही. तुम्ही आणा. शेंडी हवी, पाणी वाजलं पाहिजे, आणि डाग नको."

मी आणला. तिनं कानाशी धरून हलवला. "वाजत नाही."

"वाजतोय की!"

"माझ्या कानाला वाजत नाही."

परत गेलो. दुसरा आणला. त्याला एका अंगाला तडा. तिसऱ्या वेळी शाहूपुरीपर्यंत गेलो आणि दुकानदाराला म्हटलं, "बाबा, तूच वाजवून दे, मला घरातनं बाहेर काढायची वेळ आलीया." तो नारळ वैनींना पसंत पडला. एवढी चिकित्सा का, तर ती साधी ओटी नव्हती. पंधरा वर्षं तुंबलेली ओटी होती.

यज्ञेश्वर तरुणपणी वर्षभर जर्मनीला शिकायला गेला होता. तिथं भट्टीजवळ वितळलेलं लोखंड उडालं आणि गुडघ्याखाली पाय भाजला. ज्या घरात तो भाड्यानं राहायचा त्या घरच्या बाईनं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. जखम धुतली, खांद्याचा आधार देऊन चालवलं, हा मांस खात नाही म्हणून रोज बटाटे उकडून घातले. तिचं नाव हेल्गा. नवऱ्याचं नाव ऑटो.

("ऑटो? रिक्षा?" शिरीष. चंदनानं त्याला कोपर मारलं.)

रिक्षा न्हवं. तिकडं तसं नाव असतं. तर इकडं कोल्हापुरात लीलावैनींना पत्रानं कळलं. नवी नवरी, एकटी, सासरी. ती उठली आणि अंबाबाईच्या देवळात गेली. नवस बोलली, "ज्या बाईनं ह्यांचं केलं, तिला माझ्या घरी पाटावर बसवून शुक्रवारी तिची ओटी भरीन. तोवर गूळ खाणार नाही."

कोल्हापुरात गूळ सोडायचा! पोळीत नाही, आमटीत नाही, संक्रांतीला तिळात नाही. तीळ नुसते चावून खायची. यज्ञेश्वर चिडायचा. "अगं, ती बाई हजारो मैलांवर. ती कशाला येतीय कोल्हापूरला?" ही म्हणायची, "येतील."

आणि आली की! नाताळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी, थंडीची सुट्टी काढून, एकटी. ऑटोचे गुडघे दुखायचे, तो घरीच. साठीची बाई, पांढरेशुभ्र केस, नाकाचा शेंडा उन्हानं टोमॅटोसारखा. यज्ञेश्वर दोघींच्या मध्ये बसून जर्मनचं मराठी आणि मराठीचं जर्मन करून करून घसा बसवून घेत होता. ओटी म्हणजे काय ते सांगितल्यावर ती हसायला लागली. म्हणाली, ऑटोच्या बायकोची ओटी! दिवसभर तेच. ऑटो, ओटी. ओटी, ऑटो.

आता शुक्रवार तेवढा हवा होता. तर शुक्रवार मिळेना!

पहिल्या शुक्रवारी हेल्गाबाई अंथरुणात. आदल्या दिवशी यज्ञेश्वरनं कौतुकानं मिसळ खायला घातली होती, ती बाधली. दुसऱ्या शुक्रवारी लीलावैनींना चार दिवसांची अडचण. बाजूला बसून नुसती बघत होती. तिसरा शुक्रवार यायच्या आधी मंगळवारी सांगलीहून माणूस आला. यज्ञेश्वरचे चुलते, अंबादासकाका, गेले.

ह्या अंबादासकाकांनी यज्ञेश्वरच्या लग्नात मानपानावरून रुसून जे तोंड फिरवलं, ते पुन्हा ह्यांच्या दाराला पाय लावला नव्हता. पण सुतक ते सुतक. दहा दिवस. देवाला हात नाही, ओटी नाही, काही नाही. वैनी स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं आपटत होती. म्हणाली, "आयुष्यात कधी आले नाहीत, आणि आता आले ते असे!" आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. गेलेल्या माणसावर रागावलो म्हणून तिला रडू आलं.

दहा दिवस मोजले. सुतक गुरुवारी संपत होतं. शुक्रवारी सकाळी डोक्यावरनं पाणी घेतलं की मोकळे. आणि त्याच शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं हेल्गाबाई मुंबईला, तिथनं विमानानं घरी. म्हणजे हातात राहिला एकच दिवस.

सुतकाच्या घरात पाहुणीनं तरी काय करायचं? यज्ञेश्वरचा वर्गमित्र बाळासो वारणानगरला कॉलेजात शिकवायचा. त्याच्याकडं गाडी होती. तो म्हणाला, "बुधवारी बाईंना मी नेतो. साखर कारखाना दाखवतो, दूध डेअरी दाखवतो. शुक्रवारी दुपारी जेवायच्या आत तुझ्या दारात आणून सोडतो." वैनींना ते पसंत नव्हतं. पण पाहुणी चार भिंतींत कंटाळलेली. जा म्हणाली.

निघायच्या आधी वैनींनी तिला ओटीची रीत शिकवली. नुसत्या हातांनी, रिकाम्या ताटानं. पदर असा पसरायचा. मी ओंजळीनं गहू घालीन, नारळ, खण, हळकुंड. "आणि मग ताई, पदरात जे आहे त्यातले चार दाणे परत ताटात ठेवायचे. सगळं घेऊन जायचं नाही. देणारीचं घर रिकामं ठेवू नये." हेल्गाबाईंनी मान डोलावली, आणि नसलेले दाणे चिमटीनं नसलेल्या पदरातनं उचलून ताटात ठेवून दाखवले. यज्ञेश्वर कावला. "सुतकात कसली नाटकं लावलीत?"

गाडीत बसताना बाई नव्यानं शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "जाते."

"जाते नाही म्हणायचं!" वैनी धावत खाली आली. "येते म्हणायचं."

यज्ञेश्वरनं सांगितलं. बाई विचारात पडल्या. जर्मन माणूस, त्याला हिशेब चोख लागतो. म्हणाल्या, पण मी तर जातेय. मग येते म्हटलं तर खोटं नाही का?

वैनी म्हणाली, "खोटं नाही. वचन आहे ते."

हे मात्र बाईंना फार आवडलं. गाडी कोपऱ्यावर वळेस्तोवर खिडकीतनं हात काढून ओरडत होत्या, "येते! येते! शुक्रवारी येते!" सगळी गल्ली हसत होती.

*

तर शुक्रवार.

पाट मांडला. रांगोळी काढली. देवघरात अंबाबाईच्या तसबिरीला वेणी. पुरण शिजलं, पण वैनीनं चाखून बघितलं नाही, कारण त्यात गूळ. ती म्हणाली, "आज ओटी भरली की पहिला खडा तोंडात टाकणार बघा भावजी."

बारा वाजले. एक वाजला. पुरण गार झालं.

खाली डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन होता. यज्ञेश्वरनं वारणेला ट्रंक कॉल लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला. लागला तर भलत्याच कुणाला. तो माणूस म्हणतोय, कोण पायजे? हा म्हणतोय, बाळासो! तो म्हणतोय, बोलतोय की! पाच मिनिटं बोलल्यावर कळलं की हा दुसराच बाळासो, खताच्या दुकानातला. तीन वाजता खरा बाळासो सापडला.

"अरे निघालोच!" तो म्हणाला. "कॉलनीतल्या बायकांनी बाईंना तुमच्या वैनींनी दिलेली हिरवी साडी नेसवलीया. म्हणतात तिथं गेल्यावर वेळ नको जायला. काय दिसतायत म्हणून सांगू! तेवढा एक फोटो झाला की निघालोच."

बाळासोचं 'निघालोच' म्हणजे काय ते यज्ञेश्वरला कॉलेजपासून ठाऊक. पाच वाजले. यज्ञेश्वरनं फोन आदळला, डॉक्टर त्याच्यावर ओरडले, तो डॉक्टरांवर ओरडला. वर आला तर वैनी पाटासमोर बसलेली. ते बघणं त्याला सोसेना.

"आण्णा, चल. वाटेत गाडी बंद पडली असणार ह्या शहाण्याची. आपण पुढं जाऊ."

स्कूटर काढली. सुरू होईना. प्लग पुसला. सुरू झाली तर पेट्रोल नाही. पंपावर रांग. पंचगंगेच्या पुलावर आलो तर उसाच्या गाड्यांची ही ओळ. दोन बैल, चार टन ऊस, आणि गाडीवान वर झोपलेला. यज्ञेश्वर हॉर्न वाजवतोय. बैल ऐकतायत होय? सूर्य बुडाला. गुऱ्हाळाच्या चुलवाणांचा धूर रस्त्यावर उतरला, आणि उकळत्या काकवीचा गोड वास. माझं नाक गार पडलेलं, डोळ्यांतनं पाणी.

पूल सुटला. थोडं पुढं गेलो तर समोरनं एक जीप आली. मोठे दिवे, हॉर्न दाबून धरलेला, रस्त्याच्या मधोमध. आमची स्कूटर पार मातीत उतरली. यज्ञेश्वर वळून ओरडला, "बापाचा रस्ता हाय काय रं!" शिवीही दिली एक. जीप थांबली नाही. धूळ राहिली.

केर्लीच्या पुढं गर्दी दिसली.

कंदील. माणसं. उसाची ट्रॉली, आस मोडून रस्त्यातच उभी. मागं दिवा नाही. चिंधीसुद्धा बांधलेली नाही. आणि तिच्याखाली... निम्मी आत गेलेली... बाळासोची गाडी.

यज्ञेश्वरनं स्कूटर उभी केली नाही. तशीच सोडली. ती पडली.

एक म्हातारा गाडीवान पुढं आला. "पावणं, तुमची मानसं काय?"

मी मान हलवली.

"चालवनारा हाय जित्ता. हात मोडलाय. बाई मातूर..." त्यानं टोपी काढली. "गोऱ्या बाई हुत्या. हिरवं लुगडं. जाग्यावरच."

"कुठं आहेत?" यज्ञेश्वरचा आवाज त्याचा नव्हता.

"न्हेलं की कोल्लापूरला. जीप गेली न्हाय व्हय आत्ता तुमच्या अंगावरनं? त्यातच."

त्यानंतर यज्ञेश्वरच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही.

*

एका ट्रकवाल्यानं आम्हाला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात आणून सोडलं. बाळासो बाकावर होता. हात गळ्यात, डोकं बांधलेलं. आम्हाला बघून उठायला गेला. "यज्ञा, दिवा नव्हता रे त्याला... दिवा नव्हता... सारख्या घड्याळ बघत हुत्या. 'येते, येते' म्हणत हुत्या. मला म्हटल्या, जोरात... वैनी वाट बघत असतील म्हणून मी जोरात..."

आतल्या खोलीत नेलं आम्हाला. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. झोपल्यागत. साडी अजून नीट होती, त्या कॉलनीतल्या बायकांनी टाचण्या लावून पक्की बसवलेली. यज्ञेश्वरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं पदर सारखा केला. तसं पदरातनं फरशीवर काहीतरी सांडलं. बारीक आवाज झाला.

काच होती. मोटारीची पुढची काच फुटली की खडीसाखरेसारखे बारके तुकडे होतात, ती. सगळा पदर त्यानं भरलेला.

आम्ही बाहेर आलो. पोलीस, कागद, सह्या. जर्मनीला तार कुणी करायची, काय लिहायचं. ऑटोला काय लिहायचं? सगळं झालं. मग राहिलं एकच. घरी जाऊन वैनींना सांगायचं.

स्कूटर तिकडंच पडलेली. चालत निघालो. वाटेत यज्ञेश्वर एकदाच बोलला. "पंधरा वर्षं, आण्णा. एक शुक्रवार मिळू नये? एक?" असा चिडून बोलला की जणू पुढ्यात कुणी उभं आहे आणि ते उत्तर देणं लागतंय.

राजारामपुरीत दिवे नव्हते. आजच्यासारखेच. जिना अंधारा. वरच्या दाराच्या फटीतनं समईचा उजेड.

मी म्हटलं, "मी सांगतो."

तो म्हणाला, "नको. मी."

आम्ही कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं.

वैनी हसत होती. इतकी हसताना मी तिला कधी बघितली नव्हती. ओठाच्या कोपऱ्याला गूळ लागलेला.

"किती उशीर!" ती म्हणाली. "तुमची चुकामूक झाली होय? त्या येऊन गेल्या की."

...

यज्ञेश्वर दारातच राहिला.

"कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? हेल्गाताई."

मी चपला काढायला वाकलो. तिला तो आमचा दमलेपणा वाटला. ती सांगत सुटली.

"दिवे गेले. मी सांजवात लावली, हात जोडले, वळले तर उंबऱ्यात उभ्या. हाक नाही मारली. हिरवी साडी काय शोभत होती! मी म्हटलं, या की. येऊन पाटावर बसल्या. मला वाटलं खाली गाडीत तुम्ही सगळे खोळंबलाय, म्हणून मीही वेळ लावला नाही. कुंकू लावलं. कपाळ एवढं गार... म्हटलं, स्वेटर नाही घातला? नुसत्या बघत राहिल्या. पदर पसरला. मी भरली ओटी. नारळ, खण, सगळं. आणि अहो, विसरल्या नाहीत हो! चार दाणे परत ताटात ठेवले. तुम्ही तेव्हा नाटक म्हणत होता."

समईची ज्योत हलली. दार उघडं होतं, म्हणून असेल.

"पाणी नको म्हणाल्या. उठल्या. उंबऱ्याशी थांबल्या. आणि काय म्हणाल्या माहिताय? जाते."

यज्ञेश्वरनं चौकट धरली.

"मी रागावले. म्हटलं, ताई, एवढं शिकवलं ना? जाते नाही. येते म्हणायचं. येते. तर मान हलवली. अशी. आणि पुन्हा म्हणाल्या... सावकाश, एकेक अक्षर... जा-ते."

वैनी थांबली. पहिल्यांदाच तिनं आमच्या तोंडांकडं नीट बघितलं.

"काय झालं?"

...

"अहो... काय झालं?"

शेवटी मीच सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. ट्रॉली म्हणालो. दवाखाना म्हणालो. वेळ म्हणालो. दिवेलागण.

ती खाली बसली. पाटाशेजारी. रांगोळीवर.

यज्ञेश्वर एकदम ओरडला. "कुणाची ओटी भरलीस तू? अंधारात कोण आलं होतं? कुणाला दिलास नारळ?"

"हेल्गाताईंना."

"हेल्गा दवाखान्यात आहे! मी पदर नीट करून आलोय तिचा! कुणीतरी आली असेल दाराशी मागायला, हिरवं लुगडं नेसून. दिवे नाहीत, तुझ्या डोळ्यांत दिवसभर तीच!"

वैनीनं हळूच बोटानं ओठ पुसला. बोटावर गूळ आला. तो बघून तिचा चेहरा असा झाला... पोरांनो, मी प्रेतं बघितलीत, तसला चेहरा नाही बघितला.

"मी गूळ खाल्ला," ती म्हणाली. "नवस फेडला म्हणून खाल्ला. अहो, ती त्या नसतील तर... मी मोडला हो. पंधरा वर्षांचा नवस मी मोडला."

यज्ञेश्वर खाली बसला तिच्याजवळ. राग सगळा गेला त्याचा. म्हणाला, "नाही गं. नाही." मी घरभर नारळ शोधला. पाटाखाली, जिन्यात, खाली रस्त्यावर कंदील घेऊन गेलो. सकाळी मी तीनदा फिरून आणलेला नारळ, मी तो ओळखला असता. कुठंच नव्हता. खणही नाही.

वर आलो. दोघं तशीच बसलेली. समोर ओटीचं ताट. त्यात ते चार दाणे. गव्हाचे.

वैनीला वाटलं असेल, निदान धान्य तरी पायदळी नको. तिनं ताट मांडीवर घेतलं. आयुष्यभर जसं केलं तसं, डब्यात परत घालायला दाणे ओंजळीत गोळा करायला लागली. आणि एकदम हात मागं घेतला.

"आई गं."

बोटाला रक्त. एकच थेंब. गव्हावर पडला.

"काय टोचलं?" यज्ञेश्वर.

मी कंदील खाली धरला. आम्ही तिघंही वाकलो.

त्या दाण्यांत ते चमकत होतं. खडीसाखरेसारखं.

यज्ञेश्वरनं तोंड फिरवलं. मी फिरवू शकलो नाही. आणि वैनी... तिनं ताट छातीशी घेतलं. तिला रडू फुटलं होतं. पण मघाचा तो भेदरलेला चेहरा नव्हता. म्हणाली,

"चूक नाही हो केली त्यांनी. पदरात जे होतं, त्यातलंच ठेवलं."

आजही ते लीलावैनींच्या देवघरात आहे. कुंकवाच्या डबीत. गहू किडून गेले. काच तशीच आहे.